सावली बघून दिवस आखा: उन्हाळ्यात अमेरिकेतल्या लाल कॅन्यनना पहिल्यांदा निघालेल्या कोल्हापूरकरांसाठी

मे महिना लागला की कोल्हापुरातल्या बऱ्याच घरांत अमेरिकेच्या बॅगा भरायला सुरुवात होते. लेक कॅलिफोर्नियात असते, नाहीतर मुलगा टेक्सासात, आणि नातवंडांना भेटायच्या त्याच फेरीत ‘ते लाल डोंगर’ बघून यायचा बेत ठरतो. ते लाल डोंगर म्हणजे युटा आणि ॲरिझोना या दोन राज्यांत पसरलेला वाळवंटी मुलूख: झायन, ब्राइस, अँटिलोप कॅन्यन, मॉन्युमेंट व्हॅली आणि ग्रँड कॅन्यन. पहिल्यांदाच तिकडे निघालेल्या, हातात साधा कॅमेरा किंवा नुसता फोन असलेल्या माणसासाठी हे लिहितो आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. उन्हाळ्यात तिथे जे अंगाला सोसतं तेच फोटोलाही सोसतं. पहाटे आणि संध्याकाळी बाहेर पडायचं, दुपारी सावलीत बसायचं. दुपारच्या उन्हात दरी सपाट आणि धुरकट दिसते आणि माणूसही कोमेजतो. अपवाद फक्त अरुंद घळींचा. तिथे भर दुपारीच उजेड तळापर्यंत पोचतो आणि माणूस मात्र सावलीतच असतो. हे नीट ध्यानात घेतलं की कुठे किती वाजता असायचं हे आपोआप ठरत जातं.

तारीख कशी निवडायची

आपल्या शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, त्यामुळे बहुतेकांना मे आणि जूनचा पहिला पंधरवडा मोकळा असतो. सुदैवाने तोच काळ चांगला. ऊन कडक असतं, पण हवा कोरडी आणि आभाळ निवळ. तिथल्या पावसाळ्याची अधिकृत मुदत १५ जून ते ३० सप्टेंबर धरतात, मात्र खरा जोर जुलैपासून. तो पाऊस आपल्या संततधारेसारखा नसतो. दुपारी ढग भरून येतात, विजा कडाडतात आणि तासाभरात सगळं ओसरतं, थेट वळवासारखं. फोटोला ते ढग फार सुंदर दिसतात, पण अरुंद घळीत तोच पाऊस जीव घेतो. पहिल्याच खेपेला जाणाऱ्याने जुलै-ऑगस्ट टाळावा असं माझं स्पष्ट मत आहे. सुट्टी तेव्हाच मिळत असेल तर ब्राइस आणि ग्रँड कॅन्यनचा वरचा कडा एवढंच धरा, घळींचा हट्ट सोडा.

सराव इथेच करा

आपला दगड काळा. सह्याद्रीचा बेसाल्ट हा लाव्हारसाचा, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, आणि पन्हाळ्याच्या माथ्यावर त्याच्या वर जांभा. काळ्या दगडावर पडलेला उजेड दगडच गिळून टाकतो. झायन आणि अँटिलोपचा दगड म्हणजे वाळूचा खडक. १८-१९ कोटी वर्षांपूर्वीच्या वाळवंटातल्या वाऱ्याने रचलेल्या वाळूच्या टेकड्याच पुढे दगड झाल्या. त्या भिंतींवर जे तिरपे, एकमेकांना छेदणारे पट्टे दिसतात ते त्याच टेकड्यांचे उतार. हा फिका, तांबूस दगड उजेड परत फेकतो. पन्हाळ्याचे फोटो काढून तयार झालेली नजर तिथे सुरुवातीला गोंधळते ती यामुळेच. म्हणून निघण्याआधी दोन ठिकाणी जाऊन या.

पहिलं खिद्रापूर. कोपेश्वर मंदिराचा स्वर्गमंडप वरून गोलाकार उघडा आहे आणि बरोबर त्याखाली गोल रंगशिळा. आपल्या अक्षांशावर ६-७ मेच्या सुमारास सूर्य थेट डोक्यावर येतो. त्या दिवसांत दुपारी साडेबाराच्या आसपास तिथे उभे राहिलात तर उन्हाची गोल थाळी रंगशिळेवर पडलेली दिसेल. आता फोन काढा आणि सरळ त्या थाळीचा फोटो घ्या: मध्ये पांढरा डाग, भोवती काळोख. मग थाळी चौकटीबाहेर ठेवा आणि भोवतीच्या खांबांकडे वळा. जमिनीवरून उसळलेला उजेड खांबांवरच्या कोरीवकामावर खालून चढत गेलेला दिसेल, आणि फोटोत तपशील सगळा येईल. ऊन जिथे पडतं तिथे बघायचं नाही, ऊन जिथून परत फिरतं तिथे बघायचं. अँटिलोप कॅन्यनमध्ये नेमकं हेच करायचं आहे. मंदिर संरक्षित स्मारक आहे, तेव्हा ट्रायपॉड लावायचा असेल तर आधी परवानगी विचारा.

दुसरं बदामी. कोल्हापूरहून बेळगावमार्गे अडीचशे किलोमीटरच्या आसपास पडतं. तिथला वाळूचा खडक रंगाने अमेरिकेतल्या दगडाच्या बराच जवळचा आहे, आणि मे महिन्यातली उष्णताही तुमची परीक्षा घेईल. लेणी सकाळी बघा. संध्याकाळी अगस्त्य तलावाच्या पूर्व टोकाला भूतनाथ मंदिराकडे जा. मावळतीचं ऊन समोरून त्या देवळावर आणि मागच्या कातळावर येतं आणि रंग मिनिटामिनिटाला बदलत जातो. दर पाच मिनिटांनी एकाच जागेवरून फोटो घ्या, रात्री खोलीवर एकापुढे एक लावून बघा. पुस्तकातून जे कळत नाही ते तिथे कळेल.

तिकिटं, पास आणि घड्याळ

१ जानेवारी २०२६पासून अमेरिकेबाहेरून येणाऱ्या १६ वर्षांच्या आणि त्यावरच्या पर्यटकांना ग्रँड कॅन्यन, झायन आणि ब्राइस धरून ११ राष्ट्रीय उद्यानांत नेहमीच्या प्रवेश फीखेरीज माणशी १०० डॉलर जादा भरावे लागतात. परदेशी पाहुण्यांसाठीचा वार्षिक पास २५० डॉलरचा आहे. ही तिन्ही उद्यानं करणार असाल तर हिशेब सरळ आहे, पासच घ्यायचा. एका पासावर गाडीतले किती जण जातात, तिथे राहणाऱ्या मुलाचा पास तुम्हाला चालतो का, हे अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानसेवेच्या अधिकृत संकेतस्थळावर निघण्याच्या आठवड्यात वाचा. नियम नवे आहेत, कुणाच्या तोंडच्या माहितीवर विसंबू नका.

अँटिलोप कॅन्यन आणि मॉन्युमेंट व्हॅली नावाहो या तिथल्या मूळ रहिवासी लोकांच्या भूमीत आहेत. तिथे राष्ट्रीय उद्यानाचा पास चालत नाही, वेगळं शुल्क पडतं. अँटिलोपमध्ये तर नावाहो वाटाड्याशिवाय पाऊलही टाकता येत नाही. त्या फेऱ्या उन्हाळ्यात लवकर भरतात, आणि दुपारच्या उजेडाच्या वेळा सर्वांत आधी. विमानाचं तिकीट झालं की लगेच दुसरं काम हेच करा.

आता घड्याळ. यात भलेभले चुकतात. उन्हाळ्यात युटा राज्याचं घड्याळ एक तास पुढे जातं, ॲरिझोनाचं जात नाही. नावाहो भूमी ॲरिझोनात असली तरी तिथे मात्र जातं. म्हणजे लास व्हेगास आणि अँटिलोपशेजारच्या पेज गावाची वेळ एक, झायन-ब्राइसची एक तास पुढे, मॉन्युमेंट व्हॅलीचीही एक तास पुढे. अँटिलोप कॅन्यन नावाहो भूमीत असूनही तिथल्या फेऱ्या पेजच्या म्हणजे ॲरिझोनाच्या वेळेने चालतात. सीमेजवळ फोन कधी या टॉवरला तर कधी त्या टॉवरला लागतो आणि आपली वेळ आपणच बदलतो. पेजला पोचलात की फोनची वेळ हाताने ॲरिझोनातल्या फिनिक्स शहराची लावून टाका, नाहीतर साधं मनगटी घड्याळ जवळ ठेवा.

वाट कशी असावी

लास व्हेगासहून सुरुवात सोपी पडते. तिथून झायन साधारण २६० किलोमीटर, झायन ते ब्राइस सुमारे १३५, ब्राइसहून पेज अंदाजे २४०, पेजहून मॉन्युमेंट व्हॅली २०० आणि पेजहून ग्रँड कॅन्यनचा दक्षिण कडा २१५ किलोमीटरच्या आसपास. रस्ते उत्तम आहेत, पण मैलोन्‌मैल माणूस दिसत नाही आणि फोनला रेंज नसते. नकाशे आधी फोनमध्ये उतरवून ठेवा. टाकी अर्ध्यावर आली की पंप दिसेल तिथे भरा. गाडीत माणशी निदान चार लिटर पाणी कायम जादा ठेवा, ते फिरायला जाताना काढायचं नाही. गाडी बंद पडली तर गाडी सोडून चालत निघू नका, तिच्याच सावलीत थांबा.

तुम्ही स्वतः चालवणार असाल तर कोल्हापूरच्या आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्या, त्याची मुदत वर्षाची असते. भाड्याच्या गाडीच्या करारात कच्च्या रस्त्याबद्दल काय लिहिलंय ते वाचा. मॉन्युमेंट व्हॅलीतला २७ किलोमीटरचा फेरा सगळा मातीचा आहे.

बॅगेत काय

पूर्ण बाह्यांचे सैल सुती शर्ट, रुंद काठाची टोपी, आणि एक सुती पंचा. पंचा पाण्यात बुडवून मानेवर टाकला की कोरड्या हवेत तो झपाट्याने गार होतो. वाळवंटात याच्याइतकी उपयोगी वस्तू दुसरी नाही, असं मी खात्रीने सांगतो. पायात बूटच हवेत. कोल्हापुरी पायताण संध्याकाळी हॉटेलवर शोभेल, वाळूने भरलेल्या गुळगुळीत कातळावर नाही.

स्वेटर न्या. हे वाचून अनेकांना नवल वाटेल, पण ब्राइसचा कडा अडीच हजार मीटरच्या आसपास उंचीवर आहे आणि जूनमध्येही पहाटे तिथे चांगलाच गारठा असतो.

ओआरएसच्या पुड्या इथूनच घ्या. एक लिटरची पुडी एक लिटरमध्येच, अंदाजाने नको. तिथली हवा इतकी कोरडी असते की घाम अंगावर टिकतच नाही. कोल्हापुरात मे महिन्यात शर्ट चिकटला की आपल्याला कळतं, आता पाणी प्यावं. तिथे शर्ट कोरडा राहतो आणि अंगातलं पाणी निघून गेलेलं असतं. उन्हाळ्यात चालताना तासाला अर्धा ते एक लिटर पाणी लागतं. त्याबरोबर खारट काहीतरी खायलाच हवं, कारण नुसतं पाणीच पीत राहिलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं आणि तेही तितकंच धोक्याचं. खारे शेंगदाणे तिथे कुठल्याही दुकानात मिळतात. आंबे, ताजी फळं, बिया वगैरे इथून नेऊ नका, विमानतळावर अडवतात. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना उन्हातल्या चालण्याबद्दल विचारा. काही गोळ्यांनी लघवीवाटे पाणी जास्त जातं.

कॅमेऱ्याचं सामान थोडकंच बरं. एक रुंद लेन्स, एक लांबचं टिपणारी, धूळ उडवायला रबरी फुगा, दोन जादा बॅटऱ्या आणि झिपच्या पिशव्या. वाळूत लेन्स बदलायची नाही. बाहेर पडण्याआधी ठरवायचं कुठली लावायची आणि तीच ठेवायची. पॉवर बँक विमानात हातातल्या बॅगेतच ठेवावी लागते, आणि १०० वॅट-तासांच्या आतली असावी.

फोनवाल्यांसाठी आणखी एक. आयफोनची कंपनी स्वतःच ३५ अंशांपर्यंतचं तापमान योग्य सांगते, आणि इतर फोनांनाही ऊन मानवत नाही. तापला की पडदा मंद होतो, मग कॅमेरा बंद पडतो. फोटो काढून झाला की फोन खिशात नको, बॅगेत पाण्याच्या बाटलीजवळ ठेवा. उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर तर कधीच नाही.

झायन आणि ब्राइस

झायनला तुम्ही दरीच्या तळाशी असता आणि भिंती वर चढत जातात. मुख्य रस्त्यावर मार्च ते नोव्हेंबर खासगी गाड्या सोडत नाहीत, उद्यानाच्या बसने जायचं. पहिली बस पकडा. शेवटच्या थांब्यापासून नदीकाठाने दीड किलोमीटरची पक्की वाट आहे, ज्येष्ठांनाही जमते. वाट संपते तिथे नदीतून पुढे चालत जायची घळ सुरू होते, तिला नॅरोज म्हणतात. नदीचा प्रवाह १५० क्युसेकच्या वर गेला की ती बंद करतात. राधानगरीच्या एका स्वयंचलित दरवाजातून १४२८ क्युसेक पाणी सुटतं हे दर पावसाळ्यात आपण बातम्यांत ऐकतो. त्याच्या जेमतेम दहाव्या भागाला ही घळ बंद होते, यावरून तिची रुंदी किती असेल ते ओळखा.

ब्राइसला कॅन्यन म्हणजे दरी म्हणतात, पण ती खरं तर दरी नाही. पठाराचा कडा झिजून झालेली मोठी वाटी आहे आणि त्यात दगडांचे हजारो सुळके उभे आहेत. दिवसा फटीत शिरलेलं पाणी रात्री गोठून फुगतं आणि दगड फोडतं, वर्षानुवर्षं हेच चालू आहे. इथे उगवती चुकवायची नाही. सूर्योदयाच्या निदान अर्धा तास आधी ब्राइस पॉइंटला किंवा इन्स्पिरेशन पॉइंटला पोचा. सूर्य वर आल्यावर बहुतेक लोक पाच मिनिटांत परत फिरतात, आणि खरा उजेड त्यानंतर येतो. ऊन एका सुळक्यावर आदळून शेजारच्या सुळक्याच्या सावलीतल्या अंगावर पडतं आणि ती सावलीची बाजू आतून पेटल्यासारखी नारिंगी होते. लांबची लेन्स लावा, आभाळ पूर्ण वगळा, आठ-दहा सुळके चौकटीत घ्या. अख्खी वाटी एका फोटोत बसवण्याच्या नादात पडलात तर घरच्यांना दाखवताना "इथे फार मोठं होतं" असं सांगत बसावं लागेल.

ऊन अंगावर येण्याआधी खाली सुळक्यांमध्ये एक फेरी मारता येते. क्वीन्स गार्डन आणि नावाहो लूप मिळून पाच किलोमीटरला थोडी कमी. उतरताना सोपी वाटते, चढताना अडीच हजार मीटरवरची विरळ हवा जाणवते.

अँटिलोप कॅन्यन: दुपारचं काम

इथे दोन घळी आहेत. वरची म्हणजे अप्पर, तळाशी रुंद आणि माथ्यावर निमुळती. म्हणून माथ्यावरच्या फटीतून तळाशी येणारे उन्हाचे ते प्रसिद्ध झोत तिथे पडतात. खालची म्हणजे लोअर, वर रुंद आणि तळाशी अरुंद, लोखंडी जिन्यांनी उतरायचं. गुडघे दुखत असतील तर अप्पर घ्या. रंगांचा खेळ मला लोअरमध्ये जास्त आवडतो, गर्दीही थोडी कमी जाचते.

झोत साधारण मार्चअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत दिसतात. जूनमध्ये पेजला सूर्य माथ्यावर येतो तो साडेबाराच्या जरा आधी, म्हणून अकरा ते दीडमधली फेरी निवडा. ट्रायपॉड, सेल्फी स्टिक, पाठीवरची बॅग आत नेऊ देत नाहीत. मागून माणसं येत असतात, थांबायला सेकंद मिळतात. तेव्हा तयारी बाहेरच करून आत शिरायचं.

कॅमेऱ्यात रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने स्वतः फेरफार न केलेला फोटो, चालू करा. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल ठरवणारी सेटिंग, ‘ऑटो’वर ठेवू नका. लाल-नारिंगी रंग म्हणजे काहीतरी बिघडलंय असं समजून कॅमेरा तो रंग पुसायला बघतो. ‘डेलाइट’ किंवा ‘क्लाउडी’ लावा. ॲपर्चर (लेन्सचं भोक) एफ ५.६ ते ८, शटर सेकंदाच्या एक साठांशापेक्षा हळू होऊ देऊ नका, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड पकडायची ताकद) १६०० पर्यंत चढला तरी घाबरू नका. पोलरायझर (लेन्सवर लावायची चकाकी मारणारी काच) असेल तर काढून ठेवा, तो आधीच कमी असलेला उजेड आणखी खातो. फोन असेल तर भिंतीच्या मध्यम उजळ भागावर बोट दाबून धरा, फोकस आणि उजेड कुलूपबंद होतात, मग बोट खाली ओढून चित्र थोडं काळोखं करा.

आत शिरल्यावर एक भिंत शोधा जिच्या माथ्यावर थेट ऊन आहे. तिचा फोटो घ्यायचा नाही. तिच्या समोरची भिंत बघा. वरच्या उन्हाच्या पट्ट्यापासून खाली येताना तिचा रंग पिवळा, नारिंगी, लाल आणि शेवटी जांभळट होत जातो, कारण प्रत्येक वळणावर उजेड एकदा आदळून थोडा थोडा तांबडा होत पुढे सरकतो. त्या वळणांच्या कडा हाताच्या नखाएवढ्या बारीक रेघांनी भरलेल्या आहेत, एकेक रेघ म्हणजे वाळूचा एकेक थर. चौकटीत आभाळाचा पांढरा तुकडा येऊ देऊ नका. थोडं खाली वाका, कॅमेरा तिरपा करा, भिंतीचं एखादं वळण आड घ्या. फोटो बिघडवणारी एकच गोष्ट असेल तर ती हा पांढरा तुकडा.

झोताचा फोटो घ्यायचा झाला तर हवेत धूळ लागते, नाहीतर तो दिसत नाही. मागची भिंत काळोखी असेल असा कोन घ्या.

पुराबद्दल

पंचगंगेचा पूर आपल्याला माहीत आहे. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. पाणी चढताना दिसतं, माणसं-जनावरं हलवायला वेळ मिळतो. अरुंद घळीतला पूर असा येत नाही. १२ ऑगस्ट १९९७ रोजी लोअर अँटिलोपमध्ये ११ पर्यटक वाहून गेले. त्या जागी पाऊस जवळजवळ नव्हताच, तो पडला होता कित्येक किलोमीटर वरच्या अंगाला. उघडा कातळ पाणी शोषत नाही, सगळं घसरत घळीत येतं, आणि घळ हाताएवढी अरुंद असल्याने पाणी मिनिटांत डोक्यावर जातं. १४ सप्टेंबर २०१५ रोजी झायनमधल्या कीहोल कॅन्यनमध्ये सात जण असेच गेले.

म्हणून डोक्यावरचं आभाळ निळं आहे एवढ्यावर भरवसा ठेवायचा नाही. त्या दिवशीचा संपूर्ण परिसराचा पुराचा अंदाज सकाळी उद्यानाच्या कार्यालयात विचारा. वाटाड्याने फेरी रद्द केली तर वाद घालू नका, पैशांची चर्चा नंतर. घळीत असताना पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या वाहत आल्या किंवा लांबून घोंघावणं ऐकू आलं तर फोटो, बॅग सगळं सोडून उंच जागा गाठा.

पेजच्या आसपास आणि मॉन्युमेंट व्हॅली

हॉर्सशू बेंड पेजच्या शेजारीच आहे. कोलोरॅडो नदी नालाच्या आकारात वळसा घेते आणि आपण जवळपास ३०० मीटर वरून बघतो. कठडा थोड्याच भागाला आहे, मुलांचा हात सोडू नका. एका बाजूला सुमारे एक किलोमीटर चालणं, सावली नावाला. लोक सूर्यास्ताला गर्दी करतात, पण तेव्हा सूर्य लेन्सच्या समोर येतो आणि नदी काळी पडते. सकाळी नऊनंतर तळातली सावली सरकू लागते, पाणी हिरवं दिसतं आणि ऊनही अजून सोसण्यासारखं असतं. अख्खा वळसा बसवायला फोनची सर्वांत रुंद लेन्स लागते.

मॉन्युमेंट व्हॅलीला उलट. संध्याकाळी पोचा. स्वागत केंद्राच्या गच्चीवरून पूर्वेकडे बघताना तिथल्या तीन प्रसिद्ध सुळक्यांवर मावळतीचं ऊन समोरून पडतं. पहाटे तिथूनच त्यांच्या काळ्या आकृत्या मिळतात. इथे लोक राहतात. कुणाचं घर, माणूस, जनावर यांचा फोटो विचारल्याशिवाय घ्यायचा नाही. ड्रोन नावाहो उद्यानांतही नाही आणि राष्ट्रीय उद्यानांतही नाही.

ग्रँड कॅन्यन

शेवटी ठेवा. आधी बघितलंत तर बाकीचं लहान वाटेल. लांबी ४४६ किलोमीटर, रुंदी काही ठिकाणी २९, खोली दीड किलोमीटरच्या वर. दक्षिण कडा सुमारे २१०० मीटर उंचीवर असल्याने वर हवा बरी असते, पण तळाशी उन्हाळ्यात चाळिशीच्या वर पारा जातो.

आपली गडावर जायची सवय इथे घात करते. गडावर चढ आधी असतो, दम लागला की माणूस परत फिरतो आणि परतीला उतार असतो. इथे उतार आधी. दमाल तेव्हा सगळा चढ पुढेच असतो, आणि तोही भर उन्हात. उतरायला जितका वेळ लागला त्याच्या दुप्पट चढायला धरा. उन्हाळ्यात सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात खालच्या वाटांवर चालू नका असं उद्यानसेवाच सांगते. पहिल्या खेपेला ब्राइट एंजल वाटेने पहाटे तासभर उतरून परत वर या, तेवढं पुरे. चक्कर, उलटी, बोलण्यात गोंधळ दिसला तर लगेच ९११ या तातडीच्या मदतीच्या नंबरला फोन, आणि मदत येईपर्यंत सावली आणि अंगावर पाणी.

जूनमध्ये सूर्योदय पहाटे सव्वापाचच्या सुमारास होतो. मॅथर पॉइंटला उगवती, होपी पॉइंटला मावळती. होपीला मार्च ते नोव्हेंबर फक्त उद्यानाच्या मोफत बसने जाता येतं, शेवटच्या बसची वेळ जातानाच चालकाला विचारून ठेवा. दुपारी पूर्व टोकाच्या डेझर्ट व्ह्यूला जा. तिथला दगडी टेहळणी बुरूज १९३२ सालचा, वास्तुरचनाकार मेरी कोल्टर. आतल्या सावलीत बसून खाली नदीचं वळण दिसतं.

इतक्या मोठ्या दरीचा फोटो सपाट येतो अशी सगळ्यांची तक्रार असते. कडेचं झाड, वाकडा जुनिपर, किंवा सुरक्षित जागी उभा असलेला घरचा माणूस चौकटीच्या एका कोपऱ्यात घ्या, म्हणजे खोली कळते. आणि मावळतीनंतर लगेच निघू नका. सूर्य गेल्यावर पंधरा-वीस मिनिटं आभाळाचाच उजेड दरीत उतरतो. डोळ्यांना तो मंद वाटतो, पण कॅमेऱ्याला त्यात एकामागे एक उभ्या डोंगरांचे निळे-जांभळे थर स्वच्छ मिळतात.

रात्री खोलीवर

रोज रात्री फोटो दोन ठिकाणी उतरवा, कार्ड लगेच पुसू नका. लेन्स आधी रबरी फुग्याने झाडा, मगच फडक्याने पुसा, नाहीतर वाळूचा कण काचेवर ओरखडा पाडतो. रंग सुधारताना लाल रंगाची पट्टी सरसकट वर ओढू नका, त्याने पिवळा ते जांभळा हा सगळा उतार एकाच तांबड्या रंगात बुडतो. आधी उजळ भाग थोडे खाली आणा, काळोखे भाग थोडे वर, आणि मग रंगाला हात लावायची गरज आहे का ते बघा. बॅटऱ्या चार्जिंगला लावा, पाण्याच्या बाटल्या भरून ठेवा, गजर चारचा लावा. लावण्याआधी कुठल्या राज्यात आहात ते तपासा.